डेटा बदलला की रूपही बदलणारं रिपोर्ट टेम्प्लेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर महिन्याला तोच रिपोर्ट, तेच कॉलम, फक्त आकडे नवे. तरीही दर महिन्याला कोणीतरी बसून ओळी लाल-पिवळ्या करत असतंच. हे काम टेम्प्लेटवर कसं सोपवायचं, याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उदाहरणं बहुतेक एक्सेलची आहेत. गूगल शीट्स किंवा लिब्रेऑफिसमध्ये जिथे वेगळं वागावं लागतं तिथे तसं सांगितलं आहे. फॉर्म्युले आणि सेलचे पत्ते इथे देवनागरीत दिलेत, शीटमध्ये ते अर्थातच रोमन अक्षरांत टाकायचे.

गेल्या महिन्याची फाइल कॉपी करून आकडे बदलले तर काय बिघडलं?

पहिले एक-दोन महिने काहीच बिघडत नाही. मग ओळी वाढतात आणि बेरीज मात्र जुन्या शेवटच्या ओळीवरच थांबते. किंवा मागच्या वेळी हाताने लाल केलेल्या ओळीत आता दुसऱ्याच ऑर्डरचा डेटा येऊन बसतो, आणि वेळेत झालेलं काम लाल दिसतं.

टेम्प्लेटमध्ये तीन गोष्टी तीन शीटवर ठेवा: कच्चा डेटा, सेटिंग (मर्यादा, याद्या, रिपोर्टची तारीख) आणि लोकांना दाखवायचा रिपोर्ट. डेटाच्या शीटवर रंगरंगोटी नाही, रिपोर्टच्या शीटवर आकडे टाइप करणं नाही. फाइल एक्सएलटीएक्स प्रकारात सेव्ह केली की डबल क्लिक केल्यावर मूळ फाइलऐवजी तिची नवी प्रत उघडते, त्यामुळे मूळ टेम्प्लेटवरच कोणी काम करून ठेवलं असा प्रकार होत नाही.

डेटा ‘नीट रचलेला’ असावा म्हणतात, म्हणजे नेमका कसा?

एक ओळ म्हणजे एक नोंद, एक कॉलम म्हणजे एकाच जातीची माहिती, आणि हेडिंग एकाच ओळीत. मध्ये रिकाम्या ओळी नकोत, मधल्या बेरजा नकोत, मर्ज केलेले सेल तर अजिबात नकोत. विभागाचं नाव पहिल्या ओळीत लिहून खालच्या नऊ ओळी ‘तोच विभाग’ समजायच्या, हे माणसाला कळतं, फिल्टरला कळत नाही. प्रत्येक ओळीत विभागाचं नाव असायलाच हवं, दिसायला कितीही कंटाळवाणं वाटलं तरी.

सगळ्यात जास्त त्रास ‘एकाच जातीची माहिती’ या अटीचा होतो. रकमेच्या कॉलममध्ये कोणीतरी ‘नंतर कळवतो’ लिहितं. तारखेच्या कॉलममध्ये काही तारखा खऱ्या असतात आणि काही तारखेसारखा दिसणारा मजकूर. एक्सेल तारीख आतून आकडा म्हणूनच ठेवतं: १ जानेवारी १९०० म्हणजे १, आणि तिथून पुढे रोज एकेक वाढत जातं. सेलचं फॉरमॅट ‘जनरल’ करून पाहा. खरी तारीख असेल तर पाच अंकी आकडा दिसेल. मजकूर असेल तर काहीच बदलणार नाही. नवा डेटा आला की ही तपासणी सगळ्यात आधी करावी, कारण पुढचं सगळं फॉरमॅटिंग तिच्यावर उभं राहतं.

आमच्याकडे महिन्यांचे बारा कॉलम आडवे आहेत. तसंच चालेल का?

रिपोर्टमध्ये आडवे महिने शोभतात, डेटामध्ये नाही. पॉवर क्वेरीमध्ये (डेटा आणून त्याची मांडणी बदलायचं एक्सेलमधलं साधन) ‘अनपिव्होट’ नावाची सोय आहे. नोंदीची ओळख सांगणारे कॉलम (जसं विभाग) निवडायचे, बाकीचे अनपिव्होट करायचे, की ‘महिना’ आणि ‘रक्कम’ असे दोन कॉलम तयार होतात. एक्सेल २०१६ पासून पॉवर क्वेरी ‘डेटा’ टॅबमध्येच मिळते. एकदा पायऱ्या ठरवल्या की पुढच्या महिन्यापासून फक्त रिफ्रेश करायचं.

साध्या रेंजऐवजी टेबल का करायचं?

कारण टेबल स्वतःची हद्द ओळखतं. कंट्रोल-टी दाबून टेबल केलं की खाली नवी ओळ चिकटवताच ते वाढतं, कॉलममधला फॉर्म्युला नव्या ओळीत उतरतो, चार्ट आणि पिव्होट (डेटाचा गोषवारा काढणारं टेबल) यांनाही नवी रेंज सांगत बसावं लागत नाही. टेबलला ‘टेबल१’ सोडून काहीतरी अर्थ असलेलं नाव द्या. सहा महिन्यांनी फॉर्म्युला वाचताना बरं पडतं.

एक अडचण आधीच माहीत असलेली बरी: शीट पासवर्डने प्रोटेक्ट केलं की टेबल वाढायचं थांबतं. म्हणून लॉक रिपोर्टच्या शीटला लावा, डेटाची शीट मोकळी ठेवा.

पूर्ण ओळीला रंग द्यायचा आहे, पण एकच सेल रंगतो. असं का?

डॉलरच्या चिन्हामुळे. समजा पाचव्या ओळीपासून डेटा आहे आणि ‘स्थिती’ ई कॉलममध्ये आहे. ए५ पासून ई५०० पर्यंतची रेंज वरच्या डाव्या कोपऱ्यातून सुरू करून निवडा आणि कंडिशनल फॉरमॅटिंगच्या (अट पुरी झाली की सेलचं रूप आपोआप बदलणारी सोय) नियमात लिहा: =$ई५="उशीर". कॉलमच्या अक्षराआधी डॉलर आहे, म्हणून ओळीतला प्रत्येक सेल ई कडेच पाहतो. ओळीच्या आकड्याआधी डॉलर नाही, म्हणून सहाव्या ओळीसाठी तो आपोआप ई६ होतो.

डॉलर विसरलात तर बी कॉलममधला सेल एफ कडे बघायला लागतो, सी कॉलममधला जी कडे. दोन्हीकडे डॉलर लावलेत तर सगळ्या ओळी ई५ च्या तालावर एकदम लाल होतात किंवा एकदम पांढऱ्या राहतात. आणि रेंज पाचव्या ओळीपासून असताना फॉर्म्युल्यात चौथी ओळ लिहिली, तर सगळे रंग एक ओळ खाली सरकतात. हे चटकन लक्षात येत नाही, कारण रंग तर दिसत असतात.

अट नियमातच लिहावी की वेगळ्या कॉलममध्ये?

वेगळ्या कॉलममध्ये. या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

ऑर्डरला उशीर झालाय की नाही हा निर्णय आहे आणि तांबडा रंग हे त्याचं दिसणं. निर्णय फॉरमॅटिंगच्या नियमात दडवला तर तो कोणाला दिसत नाही, मोजता येत नाही आणि चुकला तर शोधायचा कुठे तेही कळत नाही. म्हणून ‘स्थिती’ नावाचा कॉलम करा. त्यातल्या फॉर्म्युल्याने ‘पूर्ण’, ‘तारीख नाही’, ‘उशीर’, ‘जवळ आली’, ‘वेळेत’ यांपैकी एक शब्द द्यावा. कंडिशनल फॉरमॅटिंगने फक्त तो शब्द वाचावा.

फॉर्म्युल्यातला क्रमही महत्त्वाचा. आधी पूर्ण झालं का ते पाहायचं, मग देय तारीख रिकामी आहे का ते, आणि त्यानंतरच तारखांची तुलना. रिकामा सेल तुलनेत शून्य धरला जातो, आणि शून्य कुठल्याही तारखेपेक्षा लहान. म्हणजे तारीखच न दिलेली ऑर्डर ‘उशीर’ म्हणून लाल होते. मजकूर म्हणून बसलेल्या तारखेचं उलटं होतं. एक्सेलच्या तुलनेत मजकूर आकड्यापेक्षा नेहमी मोठा, त्यामुळे ती ऑर्डर वर्षभर रखडली तरी ‘वेळेत’च दिसत राहते. पहिली चूक आरडाओरडा करून सापडते. दुसरी गप्प बसते, म्हणून तिला जास्त भ्यावं.

किती दिवसांना ‘जवळ आली’ म्हणायचं तो आकडा सेटिंगच्या शीटवर ठेवा. उद्या कोणी ३ चे ५ दिवस करा म्हटलं तर एकच सेल बदलायचा.

आजच्या तारखेसाठी टुडे फॉर्म्युला वापरू का?

रोज उघडायच्या फलकासाठी हरकत नाही. महिनाअखेरच्या रिपोर्टसाठी नको. मार्चचा रिपोर्ट जूनमध्ये उघडला की टुडे जूनची तारीख देतं आणि मार्चअखेर वेळेत असलेली कामं लाल होऊन समोर येतात. सेटिंगच्या शीटवर ‘रिपोर्टची तारीख’ असा एक सेल ठेवा, ती हाताने टाका, आणि सगळे फॉर्म्युले त्या सेलकडे वळवा. हीच तारीख रिपोर्टच्या डोक्यावरही छापा.

रंगावरून बेरीज किंवा मोजणी करता येते का?

साध्या फॉर्म्युल्याने नाही. मॅक्रो लिहून करतात, पण कशाला? ‘स्थिती’ कॉलम असेल तर ‘उशीर’ असलेल्या ओळी काउंटइफ्सने मोजा, त्यांची रक्कम समइफ्सने काढा. रंगावरून मोजायची वेळ आली, याचा अर्थ रंगामागचं कारण कुठेच लिहिलेलं नाही.

नियमात टेबलचं नाव टाकलं तर एक्सेल नकार देतं. उपाय काय?

कंडिशनल फॉरमॅटिंग टेबलच्या कॉलमची नावं थेट घेत नाही. डेटा व्हॅलिडेशनच्या ड्रॉपडाउनलाही तीच खोड आहे. टेबलच्या कॉलमला नेम मॅनेजरमधून एक नाव द्या आणि नियमात ते नाव वापरा. इनडायरेक्टनेही (मजकूर म्हणून लिहिलेल्या पत्त्यावरून सेल शोधणारा फॉर्म्युला) काम होतं, पण तो फॉर्म्युला प्रत्येक बदलाला पुन्हा मोजला जातो आणि मोठ्या शीटवर जाणवतो. शिवाय त्यातलं नाव अवतरणात असल्यामुळे कॉलमचं हेडिंग बदललं की तो तुटतो.

नियमांची यादी आपोआप लांबत जाते. कोण करतं हे?

आपणच, कॉपी-पेस्ट करून. ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवली की तिच्याबरोबर नियमही जातो आणि मूळ रेंजचे तुकडे पडतात. वर्षभरात एकाच नियमाच्या डझनभर प्रती जमतात, प्रत्येकीची रेंज विचित्र. चिकटवताना ‘व्हॅल्यूज’ निवडायची सवय लावा. गुंता झालाच असेल तर ‘मॅनेज रूल्स’मध्ये सगळे नियम पुसून नव्याने लिहिणं हे तुकडे सांधण्यापेक्षा लवकर होतं. एक्सेल २००३ पर्यंत एका सेलला तीनच अटी लावता यायच्या. २००७ मध्ये ती मर्यादा गेली आणि हा पसारा सुरू झाला. खरं तर तीन-चार नियमांत बहुतेक रिपोर्ट बसतात.

दोन नियम एकाच वेळी लागू झाले आणि दोघांनाही पार्श्वभूमी रंगवायची असेल, तर यादीत वर असलेला जिंकतो.

फिल्टर फॉर्म्युल्याने आलेल्या यादीला बॉर्डर कशी द्यायची? कधी आठ ओळी येतात, कधी ऐंशी.

एका सेलमध्ये लिहिलेला फॉर्म्युला खाली-बाजूला पसरतो तेव्हा आकडे पसरतात, फॉरमॅटिंग पसरत नाही. जास्तीत जास्त जितक्या ओळी येतील असं वाटतं तितकी रेंज घ्या आणि नियम लिहा: =$ए५<>"". यात बॉर्डर आणि हलकी पार्श्वभूमी द्या. ओळ भरली की चौकट येईल, रिकामी झाली की जाईल. एकाआड एक पट्टे हवे असतील तर त्याच अटीला ‘आणि ओळीचा क्रमांक सम’ अशी जोड द्या.

दोन गोष्टी इथे अडतात. मूळ डेटात रिकामा सेल असेल तर फिल्टर त्या जागी ० दाखवतं, आणि तारखेच्या कॉलममध्ये ते शून्य १९०० सालची तारीख बनून येतं. शून्य लपवणारं फॉरमॅट त्या कॉलमला द्या. आणि पसरणारा फॉर्म्युला टेबलच्या आत चालत नाही, तिथे स्पिलची एरर येते. तो साध्या शीटवरच ठेवावा लागतो.

एकाच कॉलममध्ये एक ओळ टक्क्यांची, एक दिवसांची, एक रकमेची. फॉरमॅट कसं सांभाळायचं?

टेक्स्ट फॉर्म्युल्याने आकड्याला ‘१२ दिवस’ असं करण्याचा मोह टाळा. तसं केलं की तो आकडा राहत नाही. बेरीज, क्रमवारी, चार्ट सगळं बंद.

डेटात ‘एकक’ नावाचा कॉलम ठेवा: टक्के, दिवस, रक्कम. एक्सेलच्या कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये रंगाबरोबर नंबर फॉरमॅटही बदलता येतं, हे बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतं. एककाच्या कॉलमवर तीन नियम लावा आणि प्रत्येकात वेगळं नंबर फॉरमॅट द्या. मोजमापांची यादी कशीही वरखाली झाली तरी प्रत्येक आकडा आपलं चिन्ह घेऊन फिरतो.

नंबर फॉरमॅटचे स्वतःचे चार भाग असतात, अर्धविरामाने वेगळे केलेले: धन, ऋण, शून्य आणि मजकूर. ऋण आकडे कंसात आणि शून्याच्या जागी आडवी रेघ एवढंच हवं असेल, तर कंडिशनल फॉरमॅटिंगची गरजच नाही.

फॉन्टचं नाव किंवा आकार मात्र नियमाने बदलत नाही, ओळीची उंचीही नाही.

किती रंग वापरावेत?

लक्ष वेधायचं त्याला एक, त्याच्या खालोखालच्याला एक. चांगलं चाललंय त्याला हिरवा देऊ नका. पान हिरवंगार झालं की लाल उठून दिसत नाही. लाल-हिरव्यातला फरक अनेकांना दिसत नाही, आणि छपाई काळ्या शाईत झाली तर तो कोणालाच दिसत नाही. ‘स्थिती’चा शब्द बाजूला असेल तर दोन्ही प्रश्न सुटतात.

मोठ्या हेडिंगसाठी सेल मर्ज केले तर?

मर्ज केलेल्या सेलमुळे क्रमवारी अडते, कॉलम निवडताना शेजारचेही निवडले जातात. अलाइनमेंटमध्ये ‘सेंटर अक्रॉस सिलेक्शन’ आहे, दिसायला अगदी तसंच.

पिव्होट रिफ्रेश केला की कॉलमची रुंदी बिघडते.

पिव्होटच्या ऑप्शन्समध्ये ‘ऑटोफिट कॉलम विड्थ्स ऑन अपडेट’ची खूण काढा, ‘प्रिझर्व्ह सेल फॉरमॅटिंग’ची राहू द्या.

टेम्प्लेट प्रोग्रामने भरायचं असेल तर काय सांभाळायचं?

आधी लायब्ररी (प्रोग्राममध्ये वापरायचा तयार कोड) कामाशी जुळते का ते पाहा. पायथॉनच्या दोन लायब्ऱ्यांपैकी एक्सएलएसएक्सरायटर फक्त नवी फाइल लिहितं, असलेलं टेम्प्लेट उघडत नाही. ओपनपायएक्सएल टेम्प्लेट उघडून भरतं, पण शीटवर काढलेले आकार परत सेव्ह करताना गळतात, आणि मध्ये ओळी घातल्या तर खालचे फॉर्म्युले किंवा टेबलच्या हद्दी ते सरकवत नाही. त्यामुळे मध्ये ओळी घुसवायच्याच नाहीत अशी रचना करा: प्रोग्राम डेटाच्या शीटवर वरून खाली लिहितो आणि रिपोर्टची शीट तिथून वाचते. जावावाल्यांकडे जेएक्सएलएस आहे. त्यात सेलच्या कॉमेंटमध्येच ‘ही ओळ प्रत्येक नोंदीसाठी पुन्हा’ अशी सूचना लिहितात, आणि सजावट एक्सेलमध्ये बसून करता येते.

अपाची पीओआय ही जावाचीच दुसरी लायब्ररी वापरणाऱ्यांचा ठरलेला अपघात म्हणजे लूपच्या आत प्रत्येक सेलसाठी नवी स्टाइल तयार करणं. छोट्या डेटावर चालून जातं. मग एक दिवस फाइल मोठी होते आणि स्टाइलची संख्या मर्यादेला धडकते: एक्सएलएसएक्समध्ये ती साधारण ६४,००० आहे, जुन्या एक्सएलएसमध्ये अवघी ४,०००. स्टाइल लूपच्या बाहेर पाच-सहा तयार करा आणि त्याच पुन्हा पुन्हा लावा. त्याहून बरं म्हणजे रंग प्रोग्राममधून द्यायचेच नाहीत. ते टेम्प्लेटमधल्या नियमांवर सोडायचे.

फॉर्म्युल्यांची उत्तरं या लायब्ऱ्या साधारणपणे स्वतः काढून ठेवत नाहीत. एक्सेलमध्ये फाइल उघडल्यावर ती निघतात. म्हणून फोनवरच्या एखाद्या प्रिव्ह्यूमध्ये सगळीकडे शून्य किंवा रिकामं दिसू शकतं. रिपोर्ट तसाच मेलने जाणार असेल तर उत्तरं आधी काढून आकडे म्हणूनच लिहा.

आणखी एक, सुरक्षिततेचं. बाहेरच्या माणसाने भरलेला मजकूर =, +, - किंवा @ ने सुरू होत असेल तर उघडताना तो फॉर्म्युला समजला जाऊ शकतो. असा मजकूर लिहिताना सेलचा प्रकार ‘मजकूर’ आहे याची खात्री करा.

सीएसव्ही उघडली की मराठी नावांचं कडबोळं होतं आणि कोडमधली सुरुवातीची शून्यं उडतात.

सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी मजकूर फाइल. ती डबल क्लिक करून उघडू नका. ‘डेटा’ टॅबमधून आयात करा, एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा आणि कोडच्या कॉलमचा प्रकार मजकूर ठेवा. फाइल तुम्हीच तयार करत असाल तर यूटीएफ-८ बीओएमसह (फाइलच्या सुरुवातीची एन्कोडिंग सांगणारी खूण) करा, मग डबल क्लिक केलं तरी देवनागरी नीट दिसते.

सोळा अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होणं हीदेखील याच घरातली तक्रार. एक्सेल आकड्याचे पंधराच अंक नेमके ठेवतं. क्रमांक म्हणजे मजकूरच. आपोआप तारीख करून टाकण्याची सवय तर इतकी चिवट, की मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये नावंच बदलली: ‘मार्च१’ चं ‘मार्चएफ१’ आणि ‘सेप्ट१’ चं ‘सेप्टिन१’ झालं.

किती ओळींपर्यंत हे सगळं चालतं?

एका शीटवर १०,४८,५७६ ओळी मावतात, जुन्या एक्सएलएसमध्ये ६५,५३६. जुनी मर्यादा इतिहासजमा झाली असं समजू नका. २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये कोविडचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकडेवारीतून सुटले, आणि त्याचं कारण म्हणून जुन्या प्रकारच्या फाइलची हीच ओळमर्यादा पुढे आली. डेटा आणताना मूळ ठिकाणच्या ओळी आणि शीटवरच्या ओळी यांची संख्या शेजारी-शेजारी दाखवणारे दोन सेल ठेवा. जुळले नाहीत तर तिथे लाल रंग दिलात तर तो सार्थकी लागेल. आणि एक लाख ओळींचा डेटा असला तरी रंग लावायची जागा रिपोर्टच्या पन्नास-शंभर ओळीच.

हेच टेम्प्लेट गूगल शीट्स आणि लिब्रेऑफिसमध्ये चालेल का?

‘स्थिती’ कॉलमवरचे साधे रंग चालतील. गूगल शीट्सच्या नियमांत रंग आणि अक्षरांचं ठळक, तिरपं, अधोरेखित किंवा खोडलेलं रूप एवढंच बदलतं. नंबर फॉरमॅट आणि बॉर्डर नाही. दुसऱ्या शीटवरची मर्यादा नियमात वापरायची तर तिथे इनडायरेक्ट लागतं. लिब्रेऑफिसमध्ये नियम सेल स्टाइल लावतो, आणि मला ती पद्धत जास्त पटते: स्टाइल एकदा बदलली की सगळीकडे बदलते.

टेम्प्लेट लोकांच्या हाती देण्याआधी काय तपासावं?

डेटा पूर्ण रिकामा करून पाहा: भागाकाराच्या एरर येतात का, रिकाम्या चौकटी उरतात का. मग एकच ओळ टाका. मग दोन हजार टाका आणि प्रिंट प्रिव्ह्यू बघा: हेडिंग प्रत्येक पानावर येतंय का, रुंदी एका पानात बसते का. एक ऋण रक्कम, एक शून्य आणि खूप लांब नाव असलेली एक नोंद मुद्दाम घाला.

शेवटी रिपोर्टची तारीख वर्षभर पुढे ढकला. अपूर्ण असलेली आणि देय तारीख दिलेली प्रत्येक ओळ लाल व्हायला हवी. एखादी पांढरीच राहिली तर तिच्या देय तारखेचं फॉरमॅट ‘जनरल’ करून बघा. बहुतेक वेळा तिथे मजकूर निघतो.